स्ट्राइक, हरताळ आणि संप



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची इच्छा होती. मी म्हटले, चळवळीवर मी रोजच बोलतो आणि ऐकणारे रोजच कंटाळतात. यंदा मला एका शब्दावर बोलू द्या. कोणता शब्द, असे त्यांनी विचारले. मी इंग्रजी शब्द सांगितला तेव्हा ते हसले. माझे इंग्रजी किती, हे या गावात सर्वांना ठाऊक आहे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे इंग्रजी आले ते कोर्टाच्या कागदांतून, आणि सुरतेच्या जुन्या बाजारात घेतलेल्या एका शब्दकोशातून. त्या कोशाची पहिली काही पाने फाटलेली होती, त्यामुळे 'ए' अक्षराचे पुष्कळ शब्द मला अजूनही येत नाहीत. सुदैवाने आजचा शब्द 'एस' मध्ये आहे. तो शब्द म्हणजे 'स्ट्राइक'.

परवा आमच्या घरी एक गंमत झाली. पुतण्या टीव्हीवर क्रिकेट पाहत होता. आतून कोणीतरी विचारले, "स्ट्राइकवर कोण आहे रे?" मी जेवत होतो, हातातला घास हातातच राहिला. तीस वर्षांची सवय! म्हटले, आज कुठल्या कारखान्यातले लोक बाहेर पडले? पण विषय फलंदाजाचा चालला होता. जो चेंडू खेळायला उभा, तो त्यांचा स्ट्राइकवर. जो काम टाकून उभा, तो आमचा स्ट्राइकवर. एक खेळण्यासाठी उभा, एक न खेळण्यासाठी, आणि दोघांना शब्द एकच. जेवण झाल्यावर मी कोश काढला.

त्या कोशात या एका शब्दाला दीड रकाना दिलेला आहे. मारणे हा अर्थ तर आहेच. शिवाय घड्याळाने ठोके देणे, आगपेटीची काडी ओढणे, वीज कोसळणे, टांकसाळीत नाणे पाडणे, जमिनीत तेल लागणे, मुक्काम हलवताना तंबू उतरवणे, सौदा पटवणे, आणि यादीतून नाव काटणे. या शेवटच्या दोन अर्थांवर मी त्या रात्री बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो. का, ते पुढे सांगेन.

इतके अर्थ एका शब्दाला आले कुठून? वास्तविक हा शब्द मुळात मारामारीचा नव्हे. जुन्या इंग्रजीत 'स्ट्रिकान' असे क्रियापद होते. त्याचा अर्थ हलका हात फिरवणे, घासत नेणे, पुढे सरकणे. जर्मन भाषेत त्याचा भाऊ अजून जिवंत आहे, 'श्ट्राइखेन'. रंगाचा हात देणे, पावावर लोणी पसरणे, पाठीवरून हात फिरवणे, अशी सौम्य कामे तो करतो. इंग्रजीतला 'स्ट्रोक' हाही त्याच कुळातला. मांजराला गोंजारतात तो स्ट्रोक आणि लोहाराच्या घणाचा घाव तोही स्ट्रोक. हात आधी हलका फिरला, मग जोराने पडू लागला.

याच हात फिरवण्यातून निघालेला एक अर्थ असा आहे, की तो वाचून मी कोश मिटून ठेवला. इंग्लंडात धान्य मोजताना मापावरून ओढायची एक सरळ काठी असे. माप भरले, वर शीग आली, की ती काठी काठावरून ओढायची. शीग खाली पडते आणि माप सपाट होते. त्या काठीला स्ट्राइक म्हणत, आणि पुढे कित्येक ठिकाणी त्या मापालाच स्ट्राइक म्हणू लागले.

माझे आजोबा शहाद्याकडे एका शेतकऱ्याचे सालदार होते. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. साल आखाजीला ठरायचे आणि पुढच्या आखाजीला सुटायचे. जुने साल संपले आहे, नवे ठरलेले नाही, अशी वर्षातली तेवढी एकच वेळ, जेव्हा त्या माणसाला 'नाही' म्हणता येई. घरात आधीची उचल खाऊन झालेली असल्यामुळे तो ते म्हणत नसे, ही गोष्ट वेगळी. बोलीत महिन्याची ज्वारी धरलेली असे. आजोबा सांगत, ज्वारी मोजताना मालक स्वतः बसायचा. पायली भरली की तिच्यावरून तो तळहात फिरवायचा. अगदी हळुवार, देवाच्या मूर्तीवरून फिरवावा तसा. शीग खाली पडायची ती पोत्यावर, म्हणजे मालकाच्या बाजूला. पेरणीसाठी उसने बी दिले तर मात्र परत घेताना माप शिगेचे. आजोबांना इंग्रजी अक्षर ठाऊक नव्हते, पण मालकाच्या हाताचा स्ट्राइक त्यांनी आयुष्यभर पाहिला. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, आणि सर्वोदयातून आलेले अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल समाजातलाच माणूस सालदारांच्या मजुरीचा आणि गेलेल्या जमिनींचा प्रश्न घेऊन गावोगाव हिंडू लागला, तेव्हा आजोबा थकले होते. ते सभेला जात आणि मागे बसत. सभेत काय झाले असे घरी विचारले तर म्हणत, "मापाचं बोलणं झालं."

आता कामगारांचा स्ट्राइक. त्याचे साल ठरलेले आहे, १७६८. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलँड नावाचे बंदर आहे. तेथून कोळशाची गलबते लंडनला जात. त्या साली तेथील खलाशांनी आपली गाऱ्हाणी लिहून काढली, गावच्या चौकात ती मोठ्याने वाचली, आणि मग बंदरातल्या गलबतांवर चढून शिडांची आडवी लाकडे खाली उतरवली. शीड नाही तर गलबत हलत नाही. लंडनच्या थेम्स नदीवरही त्याच साली खलाशांनी पगारासाठी हेच केले. शीड उतरवणे याला खलाशांच्या बोलीत शब्द होता स्ट्राइक. त्याच वर्षी टोप्या बनवणाऱ्या कारागिरांनी पगारवाढीसाठी काम थांबवले तेव्हा त्यांच्याविषयीही तोच शब्द छापला गेला. टोपीवाल्यांजवळ कुठले आले शीड? पण शब्द एकदा किनाऱ्याला लागला की त्याला परत समुद्रात कोण ढकलणार.

यातली एक मौज मला फार आवडते. समुद्रावरच्या लढाईत निशाण खाली उतरवणे यालाही स्ट्राइकच म्हणत, आणि त्याचा अर्थ होता शरणागती. खलाशांनी तेच उतरवण्याचे काम केले, पण शरण न जाण्यासाठी.

इतर देशांनी याच गोष्टीला काय नाव दिले तेही पाहण्यासारखे आहे. पॅरिसमध्ये सीन नदीकाठी एक वाळूचा चौक होता, त्याचे नाव 'ग्रेव्ह'. बेकार माणसे तिथे मजुरी मिळण्याची वाट पाहत उभी राहत, जशी आपल्याकडे सकाळी मजूर-नाक्यावर राहतात तशी. फ्रेंच भाषेत संपाला आजही ग्रेव्ह म्हणतात. काम शोधण्याच्या जागेचे नाव काम सोडण्याला मिळाले. स्पॅनिश माणूस म्हणतो 'वेल्गा', म्हणजे मुळात दम खाणे, विसावा. रशियन शब्द 'झाबास्तोव्का', त्याच्या पोटात इटालियन 'बास्ता' आहे, म्हणजे पुरे! आपले बंगाली बंधू म्हणतात धर्मघट: धर्माचा घट मांडून त्याच्यासमोर शपथ घ्यायची, ती आठवण त्या शब्दात आहे. ज्याने त्याने डोळ्यांपुढे जे दिसले त्याचे नाव ठेवले. कोणी शीड पाहिले, कोणी चौक, कोणी घट.

आपल्याकडे पूर्वापार हरताळ आहे. हा मूळचा बाजारपेठेतला शब्द. हट्ट म्हणजे हाट, बाजार. त्याला ताल, म्हणजे कुलूप. राजाने जुलमी कर बसवला की व्यापारी दुकानांना टाळे लावून बसत. तेव्हा हरताळातले टाळे दुकानदाराने स्वतः लावायचे, आणि टाळेबंदीतले टाळे मालकाने कामगारांच्या तोंडावर लावायचे. कुलूप तेच, किल्ली कोणाच्या कनवटीला एवढाच फरक. गांधीजींनी १९१९ च्या ६ एप्रिलला रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पुकारला, आणि हा शब्द इंग्रजी कोशातही जाऊन बसला. त्यामागून आपला घेरावही तिथे गेला. शब्दांच्या व्यापारात आपण अगदीच आयात करणारे नाही.

मराठीत हरताळ नावाचा दुसराही पदार्थ आहे. तो पिवळा, विषारी रंग. पोथी लिहिणाऱ्याचे अक्षर चुकले की त्यावर हा रंग फासून ते झाकीत. म्हणून आपण म्हणतो, अमक्याने वचनाला हरताळ फासला. दोन शब्द वेगळे, कूळ वेगळे, पण कानाला एकच. इंग्रजीतही पाहा, स्ट्राइक म्हणजे काम थांबवणे आणि स्ट्राइक म्हणजे यादीतले नाव काटणे. दोन भाषांनी परस्परांना न विचारता एकच खोडी केली. मालक लोकांना ती खोडी फार लवकर समजते. पहिला अर्थ कामगाराने केला की दुसरा ते करतात.

राहिला आपला शब्द, संप. याबद्दल मी पुष्कळ वर्षे अज्ञानात होतो. मला वाटे संप म्हणजे संपणे; काम संपले, विषय संपला. निम्म्या महाराष्ट्राची हीच समजूत असेल. माझे डोळे उघडले ते याच नंदुरबारात. आपले गाव सरहद्दीवरचे. १९४२ साली शिरीषकुमार आणि त्याचे सोबती इथे गोळ्यांना बळी पडले, तेव्हा त्या मिरवणुकीतल्या मुलांच्या तोंडी घोषणा गुजराती होती. अशा गावात मराठी एकटी राहत नाही. मी विशीत एका गुजराती सेठच्या पेढीवर हमालीचे पैसे मागायला गेलो होतो. भिंतीवर भरतकामाची चौकट टांगलेली होती. गुजराती अक्षरे लावून लावून वाचली: 'संप त्यां जंप'. मी चकित झालो. म्हटले, हा सेठ तर आपल्याच पक्षाचा दिसतो! जिथे संप तिथे शांतता, असे भिंतीवर लिहून बसला आहे. मी धीर करून विचारले. सेठ इतका हसला की त्याचा चष्मा खाली पडला. मग म्हणाला, "अरे भाई, संप एटले एकी, सलोखा. ज्या घरात संप, त्या घरात सुख. तुझा संप नाही हा!" पैसे मात्र त्याने त्या दिवशी पुरते दिले, हे सांगितलेच पाहिजे.

घरी येऊन विचार केला आणि नंतर वाचनालयात मराठी कोश पाहिला. आपल्याकडेही या शब्दाचा आधीचा अर्थ एकी, जूट हाच. काम बंद करणे हा अर्थ त्याच्यावर मागून चढला. आपण संपात न येणाऱ्याला संपफोड्या म्हणतो. काम बंद पडलेले फोडता येत नाही. फोडता येते ती जूट. शब्द स्वतःच साक्ष देत होता, ऐकणारा मी बहिरा होतो.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांचा संप झाला. पगारवाढ नाही, मालक नाही, कारखाना नाही. विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, एवढा ठराव. ज्या कामाचे पैसे मिळत होते तेच काम नाकारण्याची ती एकजूट. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. त्यातही पैची मागणी नव्हती. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. न संपलेला संप! गिरण्या गेल्या, गिरणगावात टॉवर उभे राहिले. त्यावर बोलायला दुसरा दिवस लागेल.

आता मी ज्यासाठी उभा आहे ते सांगतो. नंदुरबारची मिरची सर्वांना ठाऊक आहे. गावाबाहेर पथाऱ्या असतात. ओली लाल मिरची उन्हात पसरायची, उलथायची, वाळली की देठ खुडायचे, पोती भरायची. देठ खुडायला बाया, पोती उचलायला हमाल. बायांच्या हातांची आग रात्री पाण्यात हात घातला तरी जात नाही. लेकराला जवळ घ्यायची पंचाईत. मजुरी वजनावर. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका पथारीवर मी संप पुकारला. मागण्या दोन, हमालीचा दर आणि देठ खुडण्याचा दर. तिथे तीन-चार भाषा चालत: हमाल अहिराणी बोलणारे, बाया बहुतेक भिल्ल आणि पावरा, दोन-चार घरे गुजराती बोलणारी. मी मराठीत भाषण ठोकले, टाळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी पथारी ओस. मला वाटले जिंकले.

तिसऱ्या रात्री व्यापाऱ्याने आमच्यातल्या चौघांना बोलावले. चहा झाला. हमालीचा दर तो वाढवायला तयार होता, कारण गाड्या भरायच्या खोळंबल्या होत्या. देठाचे पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाला. हमालांनी माझ्याकडे पाहिले. मी कागदावर सही केली. सौदा पटला. मघाशी सांगितलेला तो अर्थ हाच. चौथ्या दिवशी सकाळी हमाल कामावर. बाया बाहेर उभ्या. पुढचा आठवडा आलाच नाही. दुपारपर्यंत एकेक करून त्याही आत गेल्या, जुन्या दराने. ज्या दोघी आदल्या दिवशी पुढे होऊन बोलल्या होत्या, त्यांना मुकादमाने आत घेतले नाही. तिथे मस्टर कसले, मुकादमाची एक वही. त्या वहीत त्यांच्या नावांवर रेघ ओढली. त्या हंगामात त्यांना दुसऱ्या पथारीवरही कोणी उभे केले नाही. मी खटपट केली, पण त्यांना काम मिळवून देऊ शकलो नाही.

संध्याकाळी मी तिथे गेलो तेव्हा एक म्हातारी गुजराती बाई देठांच्या ढिगापाशी बसली होती. तिने मला शिवी दिली नाही. खरोखरच कळत नसल्यासारखे विचारले, "भाई, काम तो बंध हतुं, पण संप क्यां हतो?" काम तर बंद होते, पण संप कुठे होता? तिला मराठी अर्थ ठाऊकच नव्हता. मी तीन दिवस संप, संप म्हणून ओरडत होतो ते ती आपल्या भाषेत ऐकत होती, आणि त्या भाषेत मी जे वचन दिले होते ते मी मोडले होते. सेठच्या पेढीवर मी हा अर्थ हसण्यावारी ऐकला होता. त्या संध्याकाळी हसण्यासारखे काही नव्हते.

मजेची गोष्ट ही की कायदाही त्या म्हातारीच्या बाजूचा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात स्ट्राइकची व्याख्या होती. नुसते काम थांबणे म्हणजे स्ट्राइक नव्हे. कामगारांच्या समूहाने मिळून, एकमेकांच्या समजुतीने थांबवले तर स्ट्राइक. एकटा थांबला तर तो गैरहजर. म्हणजे इंग्रजी शब्दात जी एकी दिसत नाही, ती वकिलांना व्याख्येत वरून घालावी लागली. आता तो कायदा गेला. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्याप्रमाणे एखाद्या उद्योगातल्या निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही स्ट्राइक धरला जातो, आणि चौदा दिवसांच्या नोटिशीवाचून स्ट्राइक करता येत नाही. या तरतुदीने संप करणे अवघड केले आहे, आणि आमचा तिला विरोध आहे. तो मी इथे लपवीत नाही. पण ते चौदा दिवस हाती आलेच आहेत, तर त्यांचे काय करायचे ते आमच्या हाती आहे.

गेल्या हंगामात आम्ही एका पथारीवर पुन्हा बसलो. यावेळी भाषण नाही. संध्याकाळी कंदिलाएवढ्या उजेडाचा एक दिवा मध्ये ठेवून बोलणे, एकाने सांगितलेले दुसऱ्याने आपल्या बोलीत तिसऱ्याला सांगायचे. प्रश्न एवढाच होता की एकाच मागणीवर समोरचा राजी झाला तर काय करायचे. हमालांचे म्हणणे, जे मिळते ते घ्यावे. बाया म्हणाल्या, मग आम्ही आत्ताच घरी जातो. एका हमालाची बायको देठ खुडणाऱ्यांत होती, तिने नवऱ्याला सगळ्यांसमोर झापले. एका तरुणाने हमालीची मागणी वर लिहा असा हट्ट धरला. कारण विचारले तर म्हणाला, नेहमी तीच वर असते. चार संध्याकाळी वाद चालला. पाचव्या संध्याकाळी नोटीस लिहिली. तीत पहिली मागणी देठ खुडण्याच्या दराची आहे, दुसरी हमालीची, आणि खाली एक ओळ आहे की दोन्हींवर एकदमच सही होईल. मराठी प्रतीत 'संप' लिहिले, इंग्रजी प्रतीत 'स्ट्राइक'. गुजराती प्रतीत 'हडताळ' लिहावे लागले, कारण तिथे 'संप' लिहिले असते तर व्यापाऱ्याने आम्ही सलोख्याला आलो असे समजून पेढे वाटले असते.

फार वेळ घेतला. अध्यक्षमहाराजांनी दोनदा घड्याळ पाहिले आणि त्याचे ठोकेही पडले. आता मी आपली रजा घेतो. ती एकट्याची आहे, तेव्हा तिला कोणी स्ट्राइक म्हणणार नाही.